इंग्रजी कवितेतील फिगर्स ऑफ स्पीच : मराठी अलंकारांवरून शिकवावेत की थेट इंग्रजी व्याख्यांवरून?

कराडमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मी हे दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. सुरुवातीची काही वर्षे मी थेट इंग्रजी व्याख्या पाठ करून घेत असे. पुढे मराठीच्या तासाला मुले जे अलंकार शिकून येतात त्यांचाच आधार घेऊ लागलो. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना आणि नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकांना यातील एक मार्ग निवडावा लागतो, म्हणून माझा अनुभव मांडतो.

थेट मार्गाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. रसग्रहणाच्या प्रश्नात अलंकाराचे नाव आणि त्याचे स्पष्टीकरण इंग्रजीतच लिहायचे असते, त्यामुळे मध्ये मराठी आणल्याने काम दुप्पट होते, हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय ज्या मुलांचे संपूर्ण शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले आहे, त्यांना उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) हे शब्दच परके वाटतात.

तरीही मी तो मार्ग सोडला, आणि त्याचे कारण म्हटले तर अगदी किरकोळ आहे. सिमिलीची, म्हणजे उपमेची, व्याख्या पाठ करताना मुलांच्या मनात फक्त 'लाइक' आणि 'ॲज' हे दोन शब्द उरतात. मग 'आय लाइक मँगोज' या वाक्यात त्यांना सिमिली सापडते, आणि 'ॲज द बस वॉज लेट, वी वॉक्ड होम' यातही सापडते. पहिल्या वर्षी मला हसू आले. पण दर वर्षी, दर चाचणीत, हुशार मुलांच्याही वह्यांत तेच 'लाइक' अधोरेखित झालेले पाहून मी कंटाळलो. उपमेचे चार भाग ज्याला ठाऊक आहेत, तो मुलगा साम्यदर्शक शब्द दिसल्यावर थांबत नाही. उपमेय कोणते, उपमान कोणते आणि दोघांतला समान धर्म कोणता, हे शोधू लागतो. 'मला आंबे आवडतात' यात उपमान सापडत नाही, तेव्हा तो स्वतःच पुढे जातो. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर 'मुलगी आईसारखी दिसते' या वाक्यावर तोही अडखळतो, कारण तेथे चारही भाग असल्यासारखे वाटतात. येथे 'दोन भिन्न गोष्टींची तुलना' ही इंग्रजी व्याख्याच उपयोगी पडते.

मराठी नावांचा दुसरा लाभ असा की ती स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतात. 'अतिशयोक्ती' फोडून दाखवली की झाले. 'हायपर्बली' हा शब्द मुलांसाठी मुका असतो, आणि बहुतेक जण तो 'हायपरबोल' असाच वाचतात. 'चेतनगुणोक्ती' हा शब्द लांबलचक खरा, पण कराडच्या मुलांना त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही : कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात त्या जागेला आपण प्रीतिसंगम म्हणतो, म्हणजे दोन नद्यांना माणसांची माया आपण नावातच बहाल केली आहे. एवढे सांगितल्यावर पर्सोनिफिकेशन समजावण्यात माझी पाच मिनिटेही जात नाहीत.

हा मार्ग निर्दोष आहे असे मात्र नाही. शाळेत शिकवले जाणारे रूपक उपमेय आणि उपमान यांत भेद नाही असे म्हणते, म्हणून मुले वाक्यात दोन्हींचा शोध घेतात. 'द हेडमास्टर बार्क्ड ॲट अस' यात कुत्रा कुठेच उच्चारलेला नाही, तरी ते मेटाफर आहे, हे त्यांना पटवावे लागते. इंग्रजीत अँटिथिसिस (विरुद्ध कल्पना समोरासमोर मांडणे), ऑक्झिमोरॉन (परस्परविरोधी शब्दांची जोडी) आणि पॅराडॉक्स (वरवर विसंगत, पण अर्थपूर्ण विधान) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुले त्या तिन्हींवर 'विरोधाभास' ही एकच चिठ्ठी चिकटवून मोकळी होतात. अनुप्रासाचे दुखणे वेगळे आहे. मराठीत अक्षर आणि ध्वनी बहुतांशी एकच असल्यामुळे डोळ्यांनी पाहिले तरी चालते. अलिटरेशन, म्हणजे इंग्रजीतला अनुप्रास, मात्र कानांनी ओळखावे लागते. 'सिटी' आणि 'कॅट' एकाच अक्षराने सुरू होऊनही त्यांत अलिटरेशन नाही, तर 'नाइफ' आणि 'नेस्ट' यांत आहे, कारण 'नाइफ'मधला आरंभीचा 'के' उच्चारलाच जात नाही.

यमकाच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच अपुरे पडतात, कारण तेथे प्रश्न इंग्रजी कोणत्या देशाची, हा असतो. ब्रिटिश उच्चारात 'बीन' (been) हा शब्द 'सीन'शी जुळतो, तर अमेरिकी उच्चारात सामान्यतः तो 'बिन' होतो. शाळेत 'झेड' शिकलेल्या धाकट्या भावंडाचे मोबाइलवरचे अक्षरगाणे 'झी'वर का संपते, हे त्यामुळेच मुलांना लगेच उमगते : गाण्यातल्या इंग्रजी 'मी'शी (me) यमक 'झी'चेच जुळते. मी स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीचे ठेवतो आणि कवितेचे यमक ठरवताना कवी कोणत्या देशाचा, एवढे आधी पाहायला सांगतो.

आपल्या मुलाचे मराठी कच्चे असेल, तर केवळ इंग्रजी अलंकारांसाठी त्याला आधी मराठी व्याकरण शिकवत बसावे, असे मी म्हणणार नाही. सेमी-इंग्रजी किंवा मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मात्र मी उपमा, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती आणि श्लेष यांपासूनच सुरुवात करतो, रूपकापाशी थोडा थांबतो, आणि अँटिथिसिस आले की मराठी नावे बाजूला ठेवून सरळ इंग्रजी व्याख्येकडे वळतो.