कन्सोलवर सँडस्टॉर्म घ्यावा की हेल लेट लूज?

दोन्ही युद्धाचे शूटिंग गेम, आधी पीसीवर आले आणि 2021 मध्ये कन्सोलवर. इन्सर्जन्सी सँडस्टॉर्म प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवरही चालतो, हेल लेट लूजला मात्र नवीन पिढीचंच मशीन (प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस) लागतं, म्हणजे जुना कन्सोल असेल तर प्रश्नच मिटला.

सँडस्टॉर्ममध्ये स्क्रीनवर क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) नाही, गोळ्या किती उरल्या तेही दिसत नाही, आणि घाईत रिलोड मारलं की अर्धी भरलेली मॅगझिन सरळ जमिनीवर पडते, त्यातल्या गोळ्या गेल्या त्या गेल्याच. छोटे मॅप, धडाधड मारामारी, आणि ऑनलाइन शिव्या खायच्या नसतील तर चेकपॉइंट मोडमध्ये चार मित्र घेऊन बॉट्सशी (कॉम्प्युटरने चालवलेल्या शत्रूंशी) लढा, मस्त टाइमपास.

हेल लेट लूज म्हणजे दुसरं महायुद्ध, 50 विरुद्ध 50, आणि खरं सांगायचं तर निम्मा वेळ नुसतं पळायचं :) इथे नेमबाजीपेक्षा गॅरिसन, म्हणजे टीमचा तळ, महत्त्वाचं. सपोर्टची भूमिका घेतलेला खेळाडू सप्लाय (बांधकामाचं सामान) टाकणार, ऑफिसर त्यातले 50 खर्चून ते बांधणार, मग मेल्यावर पूर्ण टीम तिथून स्पॉन होणार, म्हणजे परत खेळात उतरणार. कोणी बांधलंच नाही तर बसा पळत. माइक नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

कंट्रोलरवर मला सँडस्टॉर्मच बरा वाटतो, हेल लेट लूजमध्ये लांबच्या झुडपातला ठिपका टीव्हीवर दिसता दिसत नाही राव.