पायाच्या रक्तप्रवाहासाठी हातातला डॉपलर घ्यावा की कलर डॉपलर?

गोव्यात वाळपई, सांगे, काणकोणकडच्या दवाखान्यात मधुमेही रुग्ण न भरणारी जखम घेऊन येतो, तेव्हा आधी कळायला हवं ते हे, की पायात रक्त पुरेसं पोहोचतंय का. यंत्र निवडताना बहुतेक जण किंमत बघतात. त्यापेक्षा कोणतं यंत्र कुठे फसवतं ते बघा.

डॉपलर म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र. हातातला डॉपलर (८ मेगाहर्ट्झ) चित्र दाखवत नाही, आवाज ऐकवतो. रुग्णाला दहा मिनिटं आडवं पडू द्या. जेल सढळ हाताने लावा आणि प्रोब (यंत्राची पेनासारखी कांडी) पावलाच्या वरच्या बाजूला त्वचेशी ४५ ते ६० अंशांत तिरका धरा. दाबू नका. इथली धमनी हाडाला लागूनच असते. जरा जोर पडला की चिमटते आणि रक्त वाहत असूनही आवाज येत नाही. दुसरी जागा घोट्याच्या आतल्या हाडामागे. बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधा, आवाज थांबल्यावर आणखी २० मिमी फुगवा आणि सेकंदाला २ मिमी या गतीने हवा सोडा. ज्या आकड्याला आवाज परत आला, तो लिहा. दोन्ही दंडांवरही असंच मोजा. त्या पायाच्या दोन धमन्यांतल्या मोठ्या आकड्याला दोन दंडांतल्या मोठ्या आकड्याने भागा. पायात १०८, दंडात १३०, तर ०.८३. उत्तर ०.९० किंवा कमी आलं, तर धमनी अरुंद झाली आहे.

घोळ होतो तो मधुमेह आणि किडनीच्या रुग्णांत. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, पट्ट्याने ती दबत नाही आणि उत्तर १.४० च्या वर जातं. त्याहून घातक म्हणजे खरं ०.७ असताना १.१ दिसणं. म्हणून कान उघडे ठेवा: निरोगी धमनीचा आवाज दोन-तीन तुकड्यांत येतो, आजारी धमनीचा एकसुरी, लांबलेला. शंका आली तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजा. त्यासाठी छोटा पट्टा आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर लागतो. तो डॉपलरसोबतच घ्यावा.

कलर डॉपलर, म्हणजे चित्र दाखवणारी सोनोग्राफी, अडथळा नेमका कुठे आणि किती लांब, ते सांगतो. अरुंद जागी रक्ताचा वेग आधीच्या भागाच्या दुप्पट झाला, तर अडथळा ५० टक्क्यांहून जास्त. पण तो वेग ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यातल्या कोनावर टांगलेला असतो. ६० अंशांवर पाच अंश चुकले तर वेग जवळपास १८ टक्के चुकतो, ८० वर तेवढ्याच चुकीने वेग दुप्पट दिसू शकतो. त्यामुळे ६० च्या पुढे जायचंच नाही, आणि कोनाची रेघ धमनीच्या भिंतीला समांतर ठेवायची. वेगाच्या आलेखाचं टोक कापून खालच्या बाजूने उगवलं तर यंत्रावरची वेगमर्यादा (स्केल) वाढवा, बेसलाइन (शून्याची रेघ) खाली सरकवा. दोन्ही पायांना अर्धा-पाऊण तास लागतो, सरावलेला हात लागतो, शिवाय पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी आलीच.

लहान दवाखान्याने हातातलाच घ्यावा. घोट्याचा दाब ५० मिमीच्या खाली किंवा अंगठ्याचा ३० च्या खाली असेल, तर रुग्णाला तातडीने बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा. चिठ्ठीवर दोन्ही पायांचे आकडे आणि आवाज कसा होता तेही लिहा.