परदेशी व्हॅट: खर्चात मिसळायचा की येणे दाखवायचा?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांच्या खरेदीच्या फायलीत आता परदेशी बिलंही असतात. जर्मन कंपनीचं डिझाइन सॉफ्टवेअर, ब्रिटनमधल्या लॅबची फी, दुबईच्या प्रदर्शनाच्या वेळचं हॉटेल. त्यांवर १९, २० किंवा ५ टक्के व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा तिथला कर) लागलेला असतो आणि टॅलीत एंट्री करताना हात थांबतो.

'इनपुट आयजीएसटी'च्या लेजरला, म्हणजे आयातीवर किंवा परराज्यातल्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या खात्याला, हा कर कधीच टाकू नका. आपल्याकडे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळतं ते भारतातल्या जीएसटीचं. परदेशी व्हॅट चुकून जीएसटीच्या ३बी विवरणपत्रात क्रेडिट म्हणून घेतला, तर पुढे व्याजासकट भरावा लागू शकतो.

मग उरतात दोन रस्ते. पहिला, पूर्ण बिल खर्चात धरायचं. जो कर परत मिळणार नाही तो किमतीचाच भाग, हा हिशेबाचा सर्वमान्य नियम आहे. सोपं काम; फक्त किती व्हॅट गेला हे वर्षअखेरीला कळत नाही. म्हणून मी खर्चाखालीच 'परदेशी व्हॅट' असं वेगळं लेजर ठेवते.

दुसरा रस्ता, 'येणे' दाखवायचं. हे फक्त परतावा खरोखर मागणार असाल आणि तो मिळण्यासारखा असेल तरच. ब्रिटनमध्ये वर्ष १ जुलै ते ३० जून धरतात आणि अर्ज ३१ डिसेंबरपर्यंत करायचा असतो. युरोपीय संघात साधारणपणे पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत. शिवाय काही देश परस्पर सवलत असेल, म्हणजे त्यांच्या फर्मना आपल्या देशातही असा परतावा मिळत असेल, तरच देतात. व्यवसायाचा दाखलाही लागतो. एवढी धावपळ दोन-चार हजारांसाठी परवडत नाही, आणि अर्ज न करता ताळेबंदात येणे दाखवत राहणं म्हणजे नफा फुगवणं.

पण या दोन्हींआधी एक काम करा, खरा पैसा तिथेच वाचतो. व्यवसायाने व्यवसायाला दिलेल्या बहुतेक सेवांवर युरोपात कर ग्राहकाच्या देशात लागतो. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरवर जर्मन व्हॅट मुळात लागायलाच नको. तो लागतो, कारण खातं मालकाच्या नावाने उघडलेलं असतं आणि कर क्रमांकाची जागा रिकामी असते. फर्मचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक भरा आणि जुन्या बिलाची क्रेडिट नोट (जादा रक्कम कमी करणारा कागद) मागा.

समजा युरो ९० रुपयांना आहे. १०० युरोचं सॉफ्टवेअर, वर १९ युरो व्हॅट, म्हणजे १०,७१० रुपये. सेवेची आयात म्हणून रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरणं) १८ टक्के आयजीएसटी रोखीने, म्हणजे क्रेडिट न वापरता, भरायचा, सेल्फ इन्व्हॉइस (आपणच आपल्या नावे केलेलं बिल) करायचं. बिलात वेगळा लावलेला करही मूल्यात धरावा असं माझं मत, म्हणजे १,९२७.८० रुपये. याचं क्रेडिट मिळतं. व्हॅटचे १,७१० मात्र गेले. बिल दुरुस्त झालं तर खर्च ९,००० आणि आयजीएसटी १,६२०. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना) तर क्रेडिटच नाही, त्यांनी ही दुरुस्ती टाळूच नये.

माल मागवत असाल तर निर्यातीचं बिल शून्य दराने मागा. आयजीएसटी इथे बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या वेळी कस्टम्सला द्यायचा कागद) भरावा लागतोच.

हॉटेलचं वेगळं. ती सेवा तिथल्याच जागेवर घेतलेली असते, म्हणून आपल्याकडे रिव्हर्स चार्ज लागत नाही आणि तिथला व्हॅटही टळत नाही. असं बिल व्हॅटसकट सरळ प्रवासखर्चात टाका.