ब्रॅव्हेक्टो: डेमोडेक्सच्या लुतीवर गुणकारी, पण मर्यादा ओळखून द्यावी अशी गोळी

आमच्या पग जातीच्या कुत्र्याच्या डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पंजांवरचे केस झडू लागले, तेव्हा एका दवाखान्यात त्वचेचा नमुना न घेताच ॲलर्जीचे निदान करून स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले आणि त्यानंतर चट्टे मानेपर्यंत पसरले. दुसऱ्या डॉक्टरांनी त्वचा चिमटीत दाबून, तेल लावलेल्या ब्लेडने रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे, आखूड पायांचे लांबुडके किडे आम्हालाही दाखवले. निदान डेमोडिकोसिसचे, म्हणजे डेमोडेक्स किड्यांमुळे होणाऱ्या लुतीचे, झाले आणि ब्रॅव्हेक्टो, म्हणजेच फ्लुरालानरची चघळून खाण्याची गोळी, सुरू झाली.

मुळात गोचीड आणि पिसवांसाठी असलेली ही गोळी वजनाच्या गटानुसार मिळते. आमच्या कुत्र्याला ४.५ ते १० किलोच्या गटातली लागली. ती जेवणाबरोबर द्यायची असते आणि तिचा परिणाम सुमारे १२ आठवडे टिकतो. पूर्वी यासाठी अमिट्राझच्या उग्र वासाच्या आंघोळी घालाव्या लागत किंवा रोज आयव्हरमेक्टिन द्यावे लागे, जे एमडीआर-१ जनुकात दोष असलेल्या कोलीसारख्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकते. त्या मानाने गोळी महाग असली तरी मला पैसे वसूल वाटले.

मात्र गोळी किडे मारते, कुत्र्याची प्रकृती बदलत नाही. डेमोडेक्स कॅनिस हा किडा निरोगी कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशीही थोड्या संख्येने असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, अंगाला बिलगून दूध पिताना, तो आईकडून पिल्लाकडे येतो आणि रोगप्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते, म्हणून एरवी काहीच दिसत नाही. काही पिल्लांमध्ये हा आवर उपजतच ढिला असतो आणि हे वैगुण्य वंशात उतरते. त्यामुळे पिल्लू देताना विक्रेत्याने ठासून सांगितलेले ‘आई-बाप दोघेही ठणठणीत आहेत’ हे वाक्य फारसे काही सिद्ध करत नाही: लक्षणे नसलेली आई किडाही देऊ शकते आणि वैगुण्यही. अंगभर लूत झालेल्या कुत्र्यापासून पैदास करू नये हा सल्ला याचसाठी असतो, आणि आम्ही नसबंदी करून घेतली. (जाहिरातीत गोड दिसणाऱ्या जातींची पिल्ले धडाधड काढणाऱ्यांना हे कोणी सांगायचे?) हीच लूत प्रौढ वयात प्रथमच उद्भवली, तर कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होणे), थायरॉइडची कमतरता किंवा कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो, ते काम गोळी करणार नाही.

माणसाला हा किडा बाधत नाही. मात्र कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण फ्लुरालानर ज्यात मोडते त्या आयसोक्झाझोलिन गटातील औषधांमुळे थरथर, तोल जाणे आणि झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. केस परत आले म्हणून उपचार थांबवू नयेत. महिन्याच्या अंतराने खरवडून घेतलेले सलग दोन नमुने स्वच्छ निघेपर्यंत ते चालू ठेवावेत.