दारिउश शायेगान यांचं ‘कल्चरल स्किझोफ्रेनिया’: साडेतीन तारे

जुनी प्रत मागवली होती. विक्रेत्यानं ‘जवळजवळ नवी’ म्हटलेलं. पुडकं फोडलं तर बांधणी सुटायच्या बेतात आणि पानोपानी कुणाच्या तरी पेन्सिलीच्या रेघा. अर्धा तारा तिथेच गेला.

मी ३१ वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. तेहरान विद्यापीठात एक इराणी गृहस्थ संस्कृत शिकवायचे हे कळल्यापासून मी त्यांच्या मागावर होते. शायेगान (१९३५–२०१८) जिनिव्हात संस्कृत शिकले, मग पॅरिसला इस्लामी तत्त्वज्ञानाचे फ्रेंच अभ्यासक ऑंरी कोर्बँ यांच्या हाताखाली दारा शुकोहच्या ‘मज्म-उल-बहरैन’ या सूफी आणि हिंदू विचारांचा मेळ घालणाऱ्या ग्रंथावर प्रबंध लिहिला. दारानं १६५७ मध्ये उपनिषदं फारसीत नेली. हे त्याच वाटेनं उलटे चालत आले.

या पुस्तकात मात्र उपनिषदं शोधू नका. मूळ फ्रेंच १९८९ चं, इंग्रजी १९९२ चं. यंत्र घरात आलं, पण ते ज्या विचारातून जन्मलं तो उंबऱ्याबाहेरच राहिला, तर माणसाच्या डोक्यात काय होतं, हा विषय. जुन्यावर नव्याचा थर, नाहीतर नव्यावर जुन्याचा. इंग्रजीत याला कलम करणं म्हटलंय. ते मला पटलं नाही. आमच्या रत्नागिरीत कलम जगतं, आंबे देतं. हे म्हणजे वाळवी लागलेल्या दारावर सनमायका.

आमच्या स्टाफरूममध्ये विज्ञानाचे सर विमानविद्येचा श्लोक मागायला माझ्याकडे यायचे. पुष्पकाचं वर्णन आहे, कृती नाही, म्हटलं की नाराज व्हायचे. पुस्तकातलं ते कलमाचं प्रकरण वाचताना सारखे सर आठवत होते. पेन्सिलवाल्यानंही तिथे दुहेरी रेघ मारली आहे.

मला लेखक आवडला तो वेगळ्याच कारणानं. १९७७ मध्ये याच माणसानं पश्चिमेपुढे आशियाची परंपरा कशी टिकेल या काळजीनं पुस्तक लिहिलं होतं. दोन वर्षांत इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली, परंपरेचीच विचारसरणी होऊन सत्तेवर बसली, आणि यांनी आपलं जुनं म्हणणं स्वतःच तपासायला घेतलं. इतकं उघडपणे मत बदलणारे विद्वान मी तरी फार पाहिले नाहीत.

बाकी एक तारा गेला तो पुनरुक्तीमुळे आणि युरोपियन नावांच्या गारपिटीमुळे. बाजारातला, स्वयंपाकघरातला इराणी माणूस फारसा भेटत नाही.

भारतीय दर्शनांवरचे त्यांचे दोन खंड फारसीत आहेत. मी ६४ वर्षांची आहे. अलिफ-बे गिरवून झालंय.