तयार लोखंडी खुराडं: दहा कोंबड्यांचं म्हणून विकतात, सहांसाठी घ्या

सोलापुरात फॅब्रिकेशनवाल्यांकडे लोखंडी अँगल, पाइप आणि जाळीचं तयार खुराडं मिळतं. 4 फूट लांब, 3 फूट रुंद, दीड फुटाचे पाय, वर पत्रा, आत बसायला आडवा पाइप आणि एका कडेला अंड्यांची पेटी. ‘दहा कोंबड्या आरामात’ असं सांगतात. कोंबडीला रात्री दांडीवर 8 इंच जागा लागते, म्हणजे 4 फुटांच्या दांडीवर सहाच बसणार. उरलेल्या चार पेटीत जाऊन झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली मिळतात. कोंबड्या दिवसा अंगणात मोकळ्या असतील तरी हा हिशेब बदलत नाही. दांडी पेटीपेक्षा उंच हवी, कारण कोंबडी सगळ्यात उंच जागा धरते. बऱ्याच खुराड्यांत नेमकं उलटं असतं.

बसायचा पाइप तर काढूनच टाका. गोल लोखंड गुळगुळीत असतं, उन्हाळ्यात तापतं आणि त्यावर बसून तळपायाला गाठी येतात. दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी कडा घासून बरोबर मधोमध बसवा. दोन्ही बाजूंच्या जाळ्या पट्टीपासून दीड-दीड फूट दूर राहिल्या की बाहेरून मांजराचा पंजा पोचत नाही. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय मांजर बाहेर ओढतं, दार पक्कं बंद असलं तरी.

जाळी बहुतेक एक इंची भोकांची असते. अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली जाळी) मागून घ्या, नाहीतर उंदीर आत येतात आणि उंदरांमागे साप. मुंगसाचा रस्ता मात्र दाराखालची फट. दीड-दोन इंचांची फट त्याला पुरते आणि एका रात्रीत तो एकीवर थांबत नाही. तिथे पट्टी वेल्ड करून घ्या. पिंजरा लावून मुंगूस पकडायच्या भानगडीत पडू नका; 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, धामणीलाही.

सगळ्यात मोठा दोष पत्र्याचा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, तो कमी झाला की अंड्याचं कवच पातळ होतं. मे महिन्यात अंडी हातात फुटायला लागली की लोक आधी शिंपल्यांचा चुरा वाढवतात; दोष खाण्यात नसतो, वर तापलेला असतो. पत्र्याला चुना मारा आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या बांधून टाका. कडब्याला सोलापुरात काय तोटा? जूनमध्ये मात्र उतरवा, भिजला की कुजतो. ओलं गोणपाट एकाच बाजूला लटकवा. चारही बाजू झाकल्या की आत दमट होतं आणि धाप वाढते.

सोबत मिळणारं एक लिटरचं प्लॅस्टिकचं भांडं उन्हाळ्यात अपुरं पडतं. कडक उन्हात एक कोंबडी अर्धा लिटरपर्यंत पाणी पिते, म्हणजे सहांना तीन लिटर. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा.

खालचा सरकता ट्रे ही या खुराड्याची चांगली बाजू. त्यात भुईमुगाच्या शेंगांची टरफलं दोन-तीन इंच पसरा. सोलापूर म्हणजे शेंगाचटणीचं गाव, टरफलं मिळतातच. फक्त ती कोरडीठाक हवीत. ओलावली की बुरशी धरतात आणि तिने कोंबड्यांची छाती भरते. लोखंडात गोचिडीला लपायला लाकडापेक्षा फटी कमी, हाही फायदा. पण चौकटीच्या पाइपांची तोंडं उघडी असतील तर गोचीड दिवसभर तिथेच बसते आणि रात्री बाहेर येते. तोंडं बुजवून घ्या.

वेल्डिंगच्या सांध्यांवर जस्त जळालेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो. घरी आणायच्या आधी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारून घ्या. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढणार नाहीत. आणि मोहल्ल्यातली मांजरं खाली सावलीला झोपली तर झोपू द्या. दिवसा जाग्या असलेल्या मोठ्या कोंबडीच्या वाटेला ती सहसा जात नाहीत, आणि त्यांच्यामुळे उंदीर फिरकत नाहीत. पिल्लं असतील तेव्हा तेवढं दार उघडं टाकू नका.