साडेचार हजारांचं स्टिकर

नौपाड्यात घरच्याच एका खोलीत मी मशीनचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. टेक्ट्रॉनिक्सचा ४६५, सत्तरच्या दशकातला, १०० मेगाहर्ट्‌झचा स्कोप, म्हणजे विजेचे सिग्नल स्क्रीनवर रेघेत दाखवणारा ऑसिलोस्कोप, हा माझा उजवा हात. गेल्या वर्षी तो महापे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजमाप अचूक आहे का ते तपासून जुळवायला, दिला. साडेचार हजार घेतले आणि चार दिवसांनी चकचकीत स्टिकर लावून सर्टिफिकेट हातात ठेवलं. त्यावर एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) नंबर होता आणि राइज टाइमपुढे, म्हणजे सिग्नलची उडी वर चढायला लागणाऱ्या वेळेपुढे, लिहिलं होतं ३.५ नॅनोसेकंद. एका काळ्या डबीतून पल्स (विजेचा क्षणिक झटका) देऊन स्क्रीनवर दाखवलीही. कोपरा अगदी काटकोनात होता.

पंधरा दिवसांनी एका बोर्डाच्या क्लॉक सिग्नलवर रिंगिंग, म्हणजे प्रत्येक उडीनंतर थरथरणाऱ्या लहरी, दिसलं. प्रोबची (स्कोप सर्किटला जोडणाऱ्या तारेची) ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावली, ड्रायव्हर आयसी बदलला, सिरीज रेझिस्टर बदलून पाहिले. तीन दिवस गेले, गिऱ्हाइकाची मशीन तेवढे दिवस बंद. बोर्डात काहीच खोट नव्हती. रिंगिंग माझ्या स्कोपचंच होतं.

हे कळलं डोंबिवलीच्या मित्रामुळे. त्याच्याकडे टनेल डायोडचा पल्सर, म्हणजे अतिवेगवान पल्स देणारं उपकरण, आहे, एज (पल्सची चढण) १२५ पिकोसेकंदांची, म्हणजे ०.१२५ नॅनोसेकंदांची. स्क्रीनवर दिसणाऱ्या वेळेचा वर्ग म्हणजे पल्सरच्या आणि स्कोपच्या वेळेच्या वर्गांची बेरीज. पल्सर इतका वेगवान असला की त्याचा वाटा उरतच नाही, दिसतं ते सगळं स्कोपचं. ५० ओमचा टर्मिनेटर (पल्स परत उलटू नये म्हणून टोकाला लावायचा रेझिस्टर) लावून पल्स दिली, तर स्क्रीनवरच्या पाच घरं उंचीच्या पल्सवर जवळजवळ एक घर ओव्हरशूट, म्हणजे गरजेपेक्षा वर उडी, आणि मागे लहरी.

आम्ही दोघं स्कोप घेऊन गाळ्यात गेलो. त्यांची डबी लावायला सांगितली आणि मी ×१० चालू केलं, म्हणजे आडवं चित्र दहापट ताणलं. पहिल्या वेळी त्यांनी एका घराला ५० नॅनोसेकंद अशा रेंजवरच दाखवलं होतं. तिथे ३ काय नि १० काय, रेघ उभीच दिसते. ५ नॅनोसेकंदांवर तीच एज चढायला दीड घर घेत होती. म्हणजे साडेसात नॅनोसेकंद. अशा संथ पल्सचा कोपरा गोलच असायला हवा. तो टोकदार दिसेपर्यंत त्यांनी स्कोपच्या आतले ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवले होते. ३.५ हा आकडा मोजलेला नव्हताच. १०० मेगाहर्ट्‌झच्या स्कोपला ०.३५ भागिले बँडविड्थ (स्कोप दाखवू शकतो ती कमाल फ्रिक्वेन्सी) करून तोच येतो, मॅन्युअलमध्येही तोच छापलेला आहे. एनएबीएलच्या वेबसाइटवर तो नंबर शोधला, सापडला नाही. सर्टिफिकेटवर संदर्भ उपकरणाचं नाव नाही, ते स्वतः कधी कॅलिब्रेट झालं ती तारीख नाही. हे मी पैसे देण्याआधी वाचायला हवं होतं. स्कोपच्या पुढच्या १ किलोहर्ट्‌झच्या कॅलिब्रेटरवर चौकोन सरळ दिसतो, म्हणून मीही निर्धास्त होतो. पण त्यावर प्रोबचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्रोब आणि स्कोपचा मेळ, जुळवता येतं, राइज टाइमबद्दल तो काहीच सांगत नाही.

"काका, जुना स्कोप आहे, एवढं चालतं," असं उत्तर मिळालं. पैसे परत मिळाले नाहीत. मित्राने सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून ट्रिमर पुन्हा जुळवले. एक फिरवला की दुसरा बिघडतो, त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

तुम्ही कुठे कॅलिब्रेशनला द्याल, तर पल्सरची एज किती आहे ते आधी विचारा आणि ×१० स्वतः चालू करून पाहा. आम्ही निघालो तेव्हा त्या गाळ्यातल्या टेबलावर एका कॉलेजचे चार स्कोप रांगेने ठेवले होते. काळी डबी त्यांच्याच शेजारी होती.